मामांचा गुडघा आणि माझा कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसर म्हटलं की आमच्या साताऱ्यात लोकांना पंक्चरवाल्याकडची हवा भरायची टाकी आठवायची. माझा कॉम्प्रेसर साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा होता. पत्र्याची डबी, पायानं दाबायचं एक बटण, फिरवायचे दोन नॉब आणि पोटात नऊ व्होल्टची बॅटरी. बेस गिटारची वायर या डबीतून पुढे अॅम्प्लिफायरला जायची. डबीचं काम एवढंच, की जोरात वाजलेला सूर दाबायचा, हळू वाजलेला वर उचलायचा आणि सगळ्यांना एका पातळीत आणून बसवायचं. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी गोव्याच्या एका बेसवाल्याकडून मी ती जुनी विकत घेतली आणि पुढचा आठवडाभर मी माणसात नव्हतो.

मला तिची गरज होती, हे आधी कबूल करतो. माझं मधलं बोट दणकट आणि तर्जनी मुळमुळीत. त्यामुळे एक सूर धाडकन यायचा आणि पुढचा आजारी माणसासारखा. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक स्वतः कीबोर्ड वाजवायचे. ते चारचौघांत म्हणायचे, "तुझा बेस लंगडतोय." रियाज करून बोटं सुधारता आली असती, पण रियाजाचा मला कंटाळा. पायाखाली बटण दाबून लंगडेपणा जात असेल तर कोण वर्षभर बोटं झिजवणार? डबी लावून पहिल्या तालमीला वाजवलं तेव्हा मालकांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "आता कसं कॅसेटीतल्यासारखं वाटतंय." त्यांच्या तोंडून निघालेलं माझं ते पहिलं कौतुक. मी लगेच नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवला.

त्या तालमीला आमचे ढोलकीवाले नव्हते. ते कधीच नसायचे. म्हसवडहून एसटी बदलत तालमीला येणं त्यांना परवडायचं नाही, ते थेट कार्यक्रमाच्या जागी हजर व्हायचे. वय पन्नाशीच्या पुढे, तरुणपण तमाशाच्या फडात गेलेलं. सगळा ऑर्केस्ट्रा त्यांना मामा म्हणायचा. त्यांची एकच अट असायची, बसायला जागा माझ्या स्पीकरच्या खोक्याला लागून पाहिजे. मांडी घालून बसायचे आणि डावा गुडघा खोक्याला टेकवायचे. आम्ही चिडवायचो, "मामा, गुडघा शेकताय का?" ते हसून म्हणायचे, "व्हय, व्हय." काहीही विचारा, मामांचं उत्तर "व्हय, व्हय." आम्हाला वाटायचं, भोळा माणूस आहे. त्यांना ऐकू येणं कमी झालंय, ही शंका आम्हा शहाण्यांपैकी एकालाही आली नाही.

एका लावणीत मामांचा एकट्याचा तुकडा असायचा. बाकी सगळे थांबायचे, मी फक्त हळू आवाजात ठेका धरायचो. मामा दोन-तीन मिनिटं अशी काही ढोलकी बोलवायचे की पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे पाय हलवायला लागायचे. मग गाणाऱ्या बाईंना आत घ्यायची वेळ झाली की मी चार सूर दणकून मारायचो आणि मामा बरोबर समेवर येऊन थांबायचे. हे आम्ही कधी बोलून ठरवलेलं नव्हतं, सवयीनं होऊन गेलं होतं. त्या चार सुरांचा दणका ते कानानं नाही, गुडघ्यानं घेत होते.

डबीचा पहिला कार्यक्रम सांगलीला होता, एका जैन व्यापाऱ्यांच्या घरचं लग्न. सूर्य मावळायच्या आत त्यांची जेवणं उरकायची असतात, म्हणून कार्यक्रम दुपारी तीनला ठेवलेला. ऊन मांडवाच्या कापडातून खाली झिरपत होतं. लोक कानाचे तयार, गप्प बसून ऐकणारे. माझा बेस त्या दिवशी इतका गुळगुळीत लागला होता की मी स्वतःवरच खूश होतो.

लावणी आली. मामांचा तुकडा रंगला. वेळ झाल्यावर मी चार सूर मारले. बोटं जीव खाऊन मारली होती, पण डबीनं ते दाबून बाकीच्या सुरांच्या ओळीत बसवले. खोक्यातून अखंड एकसारखी घरघर चाललेली, तिच्यात हळू काय आणि जोरात काय, फरकच उरला नव्हता. मामा थांबले नाहीत. मी पुन्हा चार सूर मारले. तोवर बाईंनी कडवं उचललं होतं. मामांनी त्यांचे ओठ हलताना पाहिले, गडबडीनं ठेका पकडायला गेले आणि एक मात्रा पुढे पडले. ढोलकीचा ठेका उलटा पडला. बाई गाता गाता थांबल्या. मागे कुणीतरी हसलं. नवऱ्या मुलाचे चुलते उठून शांतपणे म्हणाले, "आता राहू द्या, पंगती बसवू."

सामान आवरताना मामा माझ्याजवळ सरकले. खोक्यावर हात फिरवत हळूच म्हणाले, "गड्या, तुझा ठोका कुठं गेला रं आज? गुडघ्याला काय लागलंच न्हाई."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेक, "व्हय व्हय", हट्टानं मागून घेतलेली जागा, सगळं एकदम कळलं. तेवढ्यात मालक आले. चेहरा लाल झालेला. त्यांनी आधी मलाच विचारलं, "तुझ्या बाजूनं काही गडबड झाली का? नवीन डबीचं काही?"

मी म्हणालो, "नाही. बेस नेहमीसारखाच होता."

हे वाक्य मी का बोललो, याची कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. घाबरलो होतो. तरुण होतो. खरं सांगितलं तर मामांचं बहिरेपण उघडं पडेल, असंही एक साळसूद कारण होतं. खरं कारण एकच, मला ते कौतुक सोडायचं नव्हतं.

मालक मामांकडे वळले. "म्हणजे तुमच्याच हातून चुकलं. आता झेपत नाही तुम्हाला, असंच ना?"

मामांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसून म्हणाले, "व्हय, व्हय."

पुढच्या कार्यक्रमाला कराडहून एक इलेक्ट्रॉनिक पॅडवर ठेका वाजवणारा आला. मामांना निरोपही गेला नाही, बोलावणं यायचं थांबलं एवढंच. मी डबी काढून टाकली. बेस पुन्हा लंगडायला लागला, मालक पुन्हा बोलायला लागले आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. पण माझ्या खवखवण्याचा मामांना काडीचा उपयोग नव्हता. खोक्याच्या बाजूची जागा रिकामी पडली, तिथं आम्ही वायरींची पिशवी ठेवायचो.

तीन-चार वर्षांनी म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत आमचा कार्यक्रम लागला. दुपारी मी विचारत विचारत मामांच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेची सुतळी आवळत बसले होते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला परत फिरावंसं वाटलं. माझा हात धरून त्यांनी शेजारी बसवून घेतलं.

मी मान खाली घालूनच सगळं सांगितलं. डबी, नॉब, दाबले गेलेले ते चार सूर, मालकांना दिलेलं उत्तर. एका दमात बोललो, सांगता सांगता रडलोही. छाती हलकी झाली. वर पाहिलं तर मामा काळजीनं माझ्या तोंडाकडे बघत होते.

मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आवं, त्यास्नी आता कायबी ऐकू येत न्हाई. दोन वरसं झाली. मला सांगा काय ते, मी खुणेनं सांगते त्यास्नी. माझं कळतंय त्यास्नी सगळं."

त्यांनी कप खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्या बोलण्याची वाट बघत थांबल्या.

मी म्हणालो, "काही नाही मामी. तब्येत विचारत होतो."

मामींनी छातीवर हात ठेवून, बोटं हलवून त्यांना तेवढं विचारलं. मामांचा चेहरा उजळला. माझ्या पाठीवर थाप मारून ते मोठ्यानं म्हणाले, "झ्याक हाय. तू लांबनं इचारायला आलास, लय बरं वाटलं."