दुसऱ्यांदा आवळायचा तंग

त्याला सगळे ‘दोनदा’ म्हणत. कुलूप लावून चार पावलं गेला की परत यायचा आणि ओढून बघायचा. पत्र टाकलं की पेटीत हात घालून ते आत पडलं ना, हे चाचपायचा. पलटणीतल्या टवाळांना तेवढंच हवं असतं. हे खूळ त्याला केव्हापासून लागलं, असं मात्र कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं.

धंद्यानं तो खोगिरं शिवणारा. डोंगरी तोफखान्यात, म्हणजे जिथं तोफा खेचरांच्या पाठीवरून जातात तिथं, त्याची उमर गेली. खोगीरभरती हा शब्द लोक कुचेष्टेनं वापरतात. त्याचं तर त्यावरच पोट होतं. गवत कुठं ठासायचं आणि कुठं सैल ठेवायचं हे चुकलं, तर खेचराची पाठ सोलून निघते, आणि सोललेल्या पाठीवर तोफ चढत नाही. एका खेचरावर चाकं, दुसऱ्यावर गाड्याचे भाग, आणि नळी इतकी जड की तिचेही दोन तुकडे, दोन थोराड खेचरांवर. वर पोचल्यावर ते तुकडे आट्यांनी जोडायचे, की बघता बघता तोफ उभी. मोठे साहेब हातात घड्याळ धरून त्या जोडणीचं कौतुक करायचे. खोगिराचं कौतुक करायला कोण बसलंय?

खेचर हा मोठा बेरकी प्राणी. त्याच्या पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला गेलं की ते पोट फुगवून उभं राहतं. आपल्याला वाटतं, घट्ट बसला. पुढं त्यानं श्वास सोडला की पट्ट्यात अख्खा हात जातो. म्हणून तोफखान्याचा नियम होता: ओझं चढवा, शंभर पावलं चाला, थांबा आणि तंग पुन्हा आवळा. पहिला तंग खेचराला फसवायला, दुसरा खरा.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच तुकडीत नळीचं खेचर हाकायचा. सोयरीक यानंच जमवली होती. एका सकाळी चढणीच्या तोंडाशी ओझं चढवताना मेहुण्याची दोन बोटं नळीखाली चेंगरली. शंभर पावलांवर सगळे थांबले, तेव्हा तो म्हणाला, “दादा, तेवढा तंग तुम्ही आवळता का? बोटांत जीवच नाही माझ्या.”

“आवळतो,” म्हणून हा आधी विडी पेटवायला बसला. वारा होता, काड्या विझत होत्या. तिसऱ्या काडीला विडी पेटली आणि पुढं चलायचा हुकूम आला.

“आवळला ना?” मेहुण्यानं विचारलं.

“आवळला.”

वळणावर त्यानं मागं बघून पुन्हा विचारलं, “नक्की ना, दादा?”

“अरे हो ना. किती वेळा सांगू?”

पुढच्या चढाला खोगीर सरकलं, नळी एका अंगाला गेली आणि खेचर दरीकडे कलंडलं. अशा वेळी दोर सोडून द्यायचा असतो. मेहुण्यानं तो सोडला नाही. सहा वर्षं त्यानं त्या खेचराला आपल्या हातानं चारलं होतं. तासाभरानं माणसाला वर काढलं आणि दुसऱ्या दिवशी नळीला. नळीला साधा पोचाही आला नव्हता.

चौकशी झाली. खापर फोडायला एक डोकं लागतं, आणि मेलेल्याचं डोकं फार सोयीचं, ते हलत नाही. चालकानं तंग दुसऱ्यांदा आवळला नाही आणि दोर सोडला नाही, असं कागदावर आलं. खोगीर सुस्थितीत होतं, याखाली यानं सही केली. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच त्याला आयुष्यभर खात राहिलं. कुलपं ओढून बघायचं खूळ लागलं ते तेव्हापासून. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

बहिणीनं नवऱ्याचा फोटो ट्रंकेत टाकला. “एक पट्टा आवळता आला नाही त्यांना,” ती म्हणायची. पोरीच्या हातून भांडं पडलं की म्हणायची, “बापासारखी धांदरट होऊ नकोस.” भाची मोठी झाली ती गॅसची कळ पुन्हा पुन्हा बघत. मामावर गेलीय, म्हणून लोक हसत. हा ऐकायचा आणि चहा संपवून निघायचा.

मग डोंगरात रस्ते झाले, हेलिकॉप्टरं आली, खेचरं निवृत्त झाली आणि हाही झाला. बऱ्याच वर्षांनी छावणीतल्या एका खोलीत जुन्या तोफखान्याचं संग्रहालय करायचं ठरलं. लाकडाचं खेचर करून आणलं, पण त्यावर नळी कशी चढवायची हे सांगणारं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. याला बोलावलं. त्यानं खोगीर चढवलं, तंग आवळला, शंभर पावलं खोलीतल्या खोलीत चालला आणि पुन्हा आवळायला गेला. तंग तसूभरही सैल नव्हता. लाकडाचं पोट, ते काय फुगणार.

भिंतीवर पाटी लागली होती. ही नळी दरीतून काढली. चालकाच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला. उद्घाटनाला बहीण आणि भाची येणार होत्या. त्यानं तिथल्या अधिकाऱ्याला सगळं सांगितलं, विडीसकट. अधिकारी पोरगेला आणि सभ्य होता. त्यानं ऐकून घेतलं.

“काका, जे रेकॉर्डला आहे तेच लिहावं लागतं,” तो म्हणाला. “आणि आता कशाला उकरताय? तुम्हालाच त्रास होईल.”

आदल्या दुपारी तो बहिणीला एकटीलाच तिथं घेऊन गेला आणि लाकडाच्या खेचरासमोर उभं राहून त्यानं सांगून टाकलं. मग तिनं विचारलं, “त्यांनी तुला विचारलं होतं?”

“हो.”

“किती वेळा?”

“दोनदा.”

“पोरीला मी काय काय सांगत आले रे,” ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून एकटीच चालत घरी गेली. उद्घाटनाला दोघी आल्या नाहीत. पाटी तशीच राहिली.

आठ दिवसांनी तो बहिणीच्या घरी गेला. दार भाचीनं उघडलं. समोर भिंतीवर मेहुण्याचा फोटो होता, काच नुकती पुसलेली.

“कोण आहे गं?” आतून आवाज आला.

“मामा.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. “पाहुण्यांना पाणी दे,” बहीण म्हणाली, “आणि ते गेले की कडी लाव.”

उभ्यानंच पाणी पिऊन त्यानं पेला भाचीच्या हातात दिला आणि पायरी उतरला. मागं कडी लागली. मग भाचीनं ती पुन्हा एकदा ओढून बघितली.