भरलेला डबा

जमनाबाईचा नेम अख्ख्या तांड्याला ठाऊक होता. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की दारात रिकामं भांडं दिसता कामा नये. घागर, बादली, अगदी नातवाचा पेलासुद्धा ती भरून ठेवायची. सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. हसोत बापड्या! उसाच्या फडावर उभा जन्म काढून ती धडधाकट परत आली होती, ते काय उगाच?

तिच्या राजपालच्या हातातला कोयता मात्र आता सुटला होता. कारंज्याच्या शफीक शेटनं नवा ट्रक त्याच्याकडे सोपवला आणि यंदा दिवाळीनंतर ऊसतोडीला न जाता लेक पहिल्यांदा घरी राहिला. त्यामुळे त्या ट्रकवर तिचा नातवाइतकाच जीव.

त्या सकाळी सोयाबीन घेऊन निघायचं होतं. नव्या गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी एक छोटी टाकी असते. तिच्यातल्या औषधानं गाडीचा धूर साफ होतो. त्या औषधाचे दोन निळे डबे ओट्यावर होते, एक भरलेला, एक संपलेला. राजपाल आंघोळीला गेला आणि जमनाबाईनं संपलेला डबा विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरून टोपण घट्ट लावलं.

राजपाल घाईत आला. हाताशी आला तो डबा त्यानं छोट्या टाकीत ओतला आणि केबिनमध्ये चढला. जमनाबाई मोठ्या कौतुकानं म्हणाली, “तो डबा मीच भरला, विहिरीच्या पान्यानं. निघायच्या वक्ती रिकामा काहून ठेवतं रे दारात?”

चावीकडे गेलेला राजपालचा हात थबकला.  त्यानं कारंज्याच्या अजहर मिस्त्रीला फोन लावून सगळं सांगितलं.

“चावी फिरवली काय?” अजहरनं विचारलं.

“नाई.”

“मंग काईच बिघडलं नाई. हात नको लावू, मी येऊन राह्यलो.”

काय बिघडणार होतं, ते जमनाबाईनं विचारलं. चावी फिरली असती तर पाणी आत खेचलं गेलं असतं, त्यातल्या क्षारांनी बारीक नळ्या चोंदल्या असत्या, असं राजपालनं सांगितलं. शेट काय म्हणाला असता ते त्यानं सांगितलं नाही. तिला आढ्याला खोचलेला लेकाचा कोयता दिसला.

अजहरनं टाकी उपसली, थोड्या चांगल्या औषधानं विसळली आणि सीलबंद डब्यातलं नवं भरलं. तो तिच्यावर रागावला नाहीच. संपलेला डबा कुणी पुन्हा भरू नये यासाठी त्याला तिथल्या तिथे भोक का पाडलं नाही, म्हणून त्यानं राजपाललाच झापलं. जमनाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं मिस्त्रीला आग्रह करकरून भाकर-ठेचा खाऊ घातला.

राजपाल केबिनमध्ये चढला, पण चावी फिरवेना. आई दारात रिकाम्या हातांनी उभी होती. आज काही भरायची तिची हिंमतच झाली नव्हती.

“याडी,” तो आईला म्हणाला, “तांब्या कुठी हाय?”

ती लगबगीनं आत गेली आणि भरला तांब्या घेऊन ट्रकसमोर उभी राहिली. मग त्यानं चावी फिरवली. ट्रक कारंज्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तिनं तो तांब्या खाली ठेवला नाही.