पाय कोणी कोणाचे धुवायचे

प्रवचन चालू असताना मला डुलकी लागली. चूक माझीच. मे महिना, चर्चमधला पंखा बंद, आणि आमचे पाळकसाहेब बोलायचे असे की तापानं फणफणलेल्यालाही झोप यावी. दचकून जागा झालो तर पाळकसाहेब प्याला धरून समोर उभे. वेदीपाशी कोणीच नाही. मला वाटलं, सगळ्यांचं झालं, माझ्यासाठीच खोळंबलेत. शेवटच्या बाकावरून तरातरा गेलो, गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी गोंधळून प्याला पुढे केला. घोट जरा मोठाच घेतला. भाकर अजून वाटलीच नव्हती, हेही लक्षात आलं नाही.

प्रभुभोजन सुरूच झालं नव्हतं.

थोबाडीत बसली. प्याला दातांवर आदळला. ओठ फाटला. द्राक्षरस आणि रक्त, दोन्ही शर्टावर.

मारणारे आमच्या मंडळीचे कारभारी. त्यांचे आजोबा पाटील होते, मग ख्रिस्ती झाले. पाटीलकी बाप्तिस्म्याच्या पाण्यात भिजली, विरघळली नाही. माझे आजोबा मांगवाड्यातले. डफडं वाजवायचे. तेही ख्रिस्ती झाले, त्याच पाण्यात. पण रिवाज असा की प्याला एकच, आधी पुढच्या बाकांवरची घराणी पिणार, सगळ्यांत शेवटी आम्ही. कुठे लिहिलेलं नाही. सगळ्यांना पाठ.

"तुझं उष्टं आमी प्याचं काय रे, मांगट्या?"

त्यांच्या दोन पोरांनी मला कॉलरला धरून पायऱ्यांवरून फरफटत खाली आणलं. लाथ बरगडीत. लाथ पाठीत. आत पेटीवाला जरा जोरात वाजवू लागला आणि मंडळी गाऊ लागली. माझी बायको धावत आली नि थोरल्याच्या मनगटाला कडकडून चावली. घरी मी तिच्याशी एवढा नरमाईनं का वागतो, ते त्या दिवशी त्यालाही कळलं.

तोंडात माती. आणि त्या मातीत पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात शिरली. इतकी वर्षं मी त्यांचं उष्टं पीत होतो. त्याला भक्ती म्हणत होतो.

त्या चर्चमध्ये पुन्हा पाय टाकायचा नाही, हे ठरलं. पण लेकीचं लग्न दिवाळीनंतर होतं. होणारे व्याही जुने ख्रिस्ती. चर्चमध्ये लागलं तेच त्यांच्या लेखी लग्न. म्हणजे नवं चर्च शोधणं आलं. लोक लेकीसाठी स्थळं पाहतात, आम्ही चर्च पाहू लागलो. बाभुळगावातलं माझं पंक्चरचं दुकान बंद ठेवून दर रविवारी मोटारसायकलवर दोघं. जिथं जाऊ तिथं मी एकच विचारायचो, "इथं आधी कोण पिते?" एका पाळकानं मला दारुडा समजून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

मग लोहाऱ्याला, कारखान्यांच्या मागे, टिनाच्या शेडमधलं एक चर्च सापडलं. सगळे सतरंजीवर. ज्याचा त्याचा इवलासा कप, सगळे एकदम पिणार. बायको माझ्या कानात म्हणाली, "हेच." पाळक तरुण, गोड बोलणारा. पायऱ्यांवरच्या माराचं सगळं ऐकून घेतलं, लग्न लावायला तयार झाला.

"फक्त भाऊ, जुन्या मंडळीशी मन साफ करा. पुढच्या रविवारी तेवढं उरकू."

पुढच्या रविवारी लेकीलाही घेऊन गेलो. समोर खुर्ची मांडलेली. खुर्चीवर आमचे कारभारी. मागे त्यांची दोन्ही पोरं. खुर्चीपुढे परात, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. पाळकानं माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि माइकमध्ये सांगितलं, "क्षमेची खूण म्हणून आज आपले भाऊ यांचे पाय धुतील. टाळ्या!"

मोबाइल वर झाले. कारभाऱ्यांनी मोजे आधीच काढून ठेवले होते.

आणि मी, खोटं कशाला बोलू, गुडघा टेकला. सवयीनं. लेक बघत होती. तिचं लग्न त्या परातीत तरंगत होतं. कारभाऱ्यांनी पाय माझ्या नाकासमोर आणला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "नीट चोळ. नखायच्या कडंनं बी."

मी उभा राहिलो. चप्पल काढली. माझाच पाय परातीत घातला. पंक्चरच्या दुकानातला पाय. भेगांत ऑइल बसलेलं. पाकळ्या काळ्या झाल्या.

"साहेब," मी पाळकाला म्हणालो, "येशू गुरू होता. त्यानं चेल्यायचे पाय धुतले. मोठ्यानं लहानाचे धुवाचे असतात. हे मोठे ना? मंग सांगा यायले. धुवा म्हना."

कारभाऱ्यांचा हात उठला. या खेपेला मी झोपेत नव्हतो. मनगट धरलं आणि पिरगाळलं. खुर्चीसकट ते आडवे झाले. परात उलटली. पोरं अंगावर आली. एकाच्या तोंडावर ओला टॉवेल सणसणून बसला, दुसऱ्याची बुक्की माझ्या डोळ्यावर. लेकीनं माइकचा स्टँड उचलला तेव्हा दोघंही मागे सरले. पाळक ओरडत होता, "प्रेम, भाऊ, प्रेम!" मग आवाज बदलला. "लग्न विसरा आता! चालते व्हा!"

झालो चालते. एक डोळा मिटलेला, म्हणून गाडी लेकीनं चालवली. तिघं एका गाडीवर. वाटेत मी विचारलं, "पोरीचं लग्न आता कुठं लागन व?"

बायको मागून म्हणाली, "रजिस्टर कचेरीत लागन. व्याह्याले पटलं तर ठीक, नाही त दुसरं घर पाहू. पन उद्या सकायी पयले पोलीस ठाण्यात चला. पायऱ्यांवरचा मार आपन गुपचूप गिळला, म्हनून त्यानं पाय पुढं केला. आता एक बी गिळाचा नाही."