पहिली टोपली

मी भांडखोर आहे. हे मी नाही, अख्खं गाव म्हणतं, आणि या बाबतीत गाव खोटं बोलत नाही. नगरपंचायतीत निवडून आले त्या दिवशी माझी सासू पेढे वाटत होती आणि घेणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "आता घरचं भांडन तिकडं जाते बाप्पा, आमाले जरासा आराम." लोक हसले, मीही हसले. पण सासूचं म्हणणं खरं ठरलं. पुढची सगळी वर्षं मी सभागृहात भांडले, आणि त्यातलं एक भांडण असं जिंकले की आजही आठवलं की छाती फुगते.

आमचं तालुक्याचं गाव. एका अंगाला मोठा मालगुजारी तलाव, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि मधल्या मैदानावर आठवड्याचा बाजार. जंगलाकडच्या खेड्यांतून बाया चिंच, मोह, बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, घेऊन येतात. आम्ही ढिवर, तलाव आमचा. पहाटे पुरुष जाळी ओढतात, मग बाया टोपल्या घेऊन दिवसभर बाजारात बसतात. माझी आई त्या रांगेत लग्न होऊन आल्यापासून बसते. मीही लहानपणी तिच्या मांडीला टेकून तिथंच वाढले. मला अजून रोहूच्या खवल्यांचा वास आला की बरं वाटतं.

त्या मैदानावर बायांसाठी संडास नव्हता. पुरुषांचं काय, त्यांना कोणतीही भिंत चालते. आधी नाल्याकडं बाभळीचं रान होतं, तिथं आडोसा मिळायचा. मग तिथं घरं झाली. तेव्हापासून बाजारातल्या बायांनी एकच उपाय केला. बाजाराच्या दिवशी पाणी प्यायचं नाही. सकाळी घरून निघताना एक घोट, नंतर संध्याकाळी घरी गेल्यावरच. उन्हाळ्यातसुद्धा. माझी आई मिरचीभाकर खायची आणि वर पाणी न पिता पान तोंडात टाकायची. मला वाटायचं, आईला पानाची भारी हौस.

मग आई आजारी पडू लागली. लघवीला आग, ताप, कंबर दुखायची. औषधानं बरं वाटायचं, पुन्हा तेच. ग्रामीण रुग्णालयातली डॉक्टर, वयानं लहानच होती, पण आईशी प्रेमानं बोलली. म्हणाली, "आजी, औषध तुमचं पाणी आहे. दिवसभर प्यायचं. असंच चाललं तर किडन्या जातील."

आई म्हणाली, "पिऊ तं जाऊ कुठी?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागली. तिला कुणीतरी सांगितलं असणार की ही नगरसेविका आहे.  बाजार सोड म्हणावं तर आई घरी बसणारी नाही, ते मला ठाऊक होतं. घरी येईपर्यंत मी दातओठ खात होते. कुणावर, ते माझं मलाच कळत नव्हतं.

जागा होती हो! बाजाराला लागूनच नगरपंचायतीचा जुना कोंडवाडा पडून होता. मोकाट गुरं कोंडायची जागा ती, पण वर्षानुवर्षं त्यात एक शेळीही कोंडली नव्हती. आत आमच्या उपाध्यक्षांच्या सेंट्रिंगच्या पाट्या आणि बल्ल्या रचलेल्या होत्या, कारण त्यांचा ठेकेदारीचा धंदा. सरकारी जागेत फुकटचं गोदाम! मी विषय दिला: कोंडवाडा मोकळा करून तिथं बायांसाठी पाण्याची सोय असलेला संडास बांधावा. कोणी विरोध केला नाही. विरोध केला असता तर बरं झालं असतं, विरोधाशी भांडता येतं. सगळे म्हणाले, "हो हो बाई, व्हायलेच पाहिजे." आणि विषय टाकला सगळ्यात शेवटी.

आता शेवटी म्हणजे काय, ते सांगते. आमची सर्वसाधारण सभा नेहमी बाजाराच्या दिवशीच. कडेच्या टोल्यांवरचे, म्हणजे वाड्यांवरचे, सदस्य त्या दिवशी तसेही गावात येतात, एका खेपेत दोन कामं. सभागृहाच्या मागच्या भिंतीला खिळे आहेत, आणि त्या खिळ्यांना सदस्यांच्या कापडी थैल्या टांगलेल्या असतात. पाणीपुरवठा, दिवे, नाल्या, असे विषय चालू असतात, आणि मग खिडकीतून बाजाराचा एक विशिष्ट गलका येतो. मच्छीची पहिली टोपली उघडल्याचा गलका. तो ऐकला की आधी उपाध्यक्ष उठायचे. "जरा आलोच." त्यांच्या मागं दुसरे, तिसरे. चांगली जिवंत मरळ पहिल्या धडाक्यात जाते, उशिरा गेलं तर हाती झिंगेच येतात. थोड्या वेळात खुर्च्या रिकाम्या, भिंतीवरच्या थैल्या गायब, आणि मुख्याधिकारी साहेब म्हणायचे, "कोरम नाही. उरलेला विषय पुढच्या सभेत."

उरलेला विषय म्हणजे माझा. दर सभेत माझा!

विषय वर घ्या म्हणून मी टेबल बडवलं. अध्यक्ष माणूस गोड, आवाज कधी चढायचा नाही. म्हणायचे, "बाई, पयले पानी, मंग लाइट, मंग बाकीचं. रीत हाय." रीत! मी इतकी चिडले की एका सभेत उपाध्यक्षांची थैली खिळ्यावरून काढून स्वतःच्या बुडाखाली घेऊन बसले. ते शर्टाच्या ओच्यात मासे घेऊन घरी गेले, पण गेलेच.

त्या संध्याकाळी मी माहेरी जाऊन आईसमोर बडबड बडबड केली. आई मच्छी कापायच्या पावशीला धार लावत बसली होती.  मी दमून गप्प झाले तेव्हा म्हणाली, "म्हंजे तुमची सभा आमचीच मच्छी मोडते म्हन ना."

"हो ना व माय!"

"मंग मच्छीलेच सांगू," ती म्हणाली आणि पुन्हा धार लावायला लागली.

मला काही कळलं नाही. मी तिला चहा मागितला.

आमच्या मच्छीरांगेत एक रीत आहे. कितीही बाया बसल्या असल्या, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं, तरी पहिली टोपली रांगेतल्या सगळ्यात वयस्क बाईनं उघडायची. ती ओलं पोतं बाजूला करते, मासळीवर पाणी शिंपडते, हात कपाळाला लावते, मग बाकीच्या आपापल्या टोपल्या उघडतात. तिच्या आधी उघडलं तर तलाव रुसतो म्हणतात. तलाव रुसतो की नाही देव जाणे, पण रांगेतल्या बाया रुसतात, ते नक्की. आणि गेली कित्येक वर्षं ती वयस्क बाई म्हणजे माझी आई.

पुढच्या सभेचा दिवस थंडीचा होता. तलावाला मासळी भरपूर निघाली होती, सकाळीच गावभर बातमी. सभागृहात थैल्या नेहमीपेक्षा मोठ्या टांगलेल्या दिसल्या. पाणी झालं, दिवे झाले, नाल्यांवर जरा वादावादी झाली. उपाध्यक्ष सारखे खिडकीकडं बघत होते. गलका येईना. शेवटी त्यांना धीर धरवला नाही. थैली घेऊन गेले. मागून चारपाच जण गेले. मी विषयपत्रिका हातात चुरगाळली. गेली ही पण सभा, असंच वाटलं मला.

पण थोड्याच वेळात उपाध्यक्ष परत आले. थैली रिकामी.

"काऊन गा?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हातारी टोपली उघडून नाई राह्यली."

मी एकदम ताठ बसले.

मागून दुसरे आले, रिकामे. तिसरे आले, त्यांच्या थैलीत मात्र काहीतरी होतं. बाजाराच्या टोकाला आंध्रातून येणारी बर्फातली मच्छी घेऊन एक गाडी उभी असते, तिथून आणलेली. सगळ्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की बिचाऱ्यांनी थैली खुर्चीखाली सरकवली. तलाव भरलेला असताना बर्फाची मच्छी! "भाऊ, ते मच्छी मागच्या सालची हाय का?" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमच्या माय टोपली काऊन उघडून नाई राह्यल्या?"

"मी कसं सांगू भाऊ? मी तं सकाळपासून इथीच बसून आहो." आणि हे अगदी खरं होतं.

तेवढ्यात शिपाई आला. तो बाजारात चौकशीला गेला होता. सगळ्यांसमोर उभा राहिला आणि जरा घाबरतच बोलला, "आजी म्हनते, सभा झाली का विचार. सभा पुरी झाल्याबिगर पोतं काढत नाई म्हनते. आनखी म्हनते का, साऱ्या बायाइनं आज पोटभर पानी पेलं हाय, आता जायाचं कुठी ते साहेबाइले विचार."

 मला हसू, रडू, राग, सगळं एकदम आलं. माझ्या आईनं आयुष्यात कार्यालयाची पायरी चढली नव्हती.

मी खिडकीशी गेले. ओलं पोतं टाकलेल्या टोपल्यांची रांग, आणि एकीमागं एक बसलेल्या बाया, हात मांडीवर. गिऱ्हाईक ओरडत होतं. कुणी भाव वाढवून देतो म्हणत होतं, काही लोक कंटाळून निघूनही गेले. प्रत्येक बाईचा दिवस त्या पोत्याखाली होता, आणि एकीनंही कोपरा उचलला नव्हता. त्यांच्या पलीकडं चिंच-मोहवाल्या जंगलातल्या बाया. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं, पण त्यांनीही आपल्या मालावर लुगड्याचे पदर टाकले होते. त्यांच्यातली एक म्हातारी उठून माझ्या आईशेजारी येऊन बसली. दोघी पान खात होत्या.

मी वळले. आवाज माझा चढलेलाच होता, तो आणखी चढवला. "विषय घेता का कोरम मोजता?"

"घ्या, घ्या," अध्यक्ष म्हणाले.

"सूचक मी. अनुमोदक?"

 मग उपाध्यक्ष उठले. त्यांच्या पाट्या, त्यांच्या बल्ल्या, त्यांचं फुकटचं गोदाम, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी एकदा भिंतीवरच्या खिळ्याकडं बघितलं, एकदा खिडकीकडं. "अनुमोदन माझं! लिवा साहेब, जल्दी लिवा, मरळ मरून जाईन तिथी!"

सर्वानुमते मंजूर. मुख्याधिकारी साहेबांनी स्वतः ठराव वाचून दाखवला. ते आमच्याकडचे नव्हते, मासे खात नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज खणखणीत होता. सही होईपर्यंत मी जागची हलले नाही. मग पायऱ्या उतरून बाजारात गेले. पळाले म्हणा ना. आईनं लांबूनच माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं.  पोतं बाजूला केलं, पाणी शिंपडलं, हात कपाळाला लावला. आणि काय गलका उठला हो! तसा गलका मी त्या बाजारात पुन्हा ऐकला नाही. पहिल्या रांगेत थैली उघडून कोण उभे होते, सांगायला नको. आईनं उपाध्यक्षांना सगळ्यात मोठी मरळ निवडून दिली. म्हणाली, "घे बापू, तुयं काम केलं तू."

पुढचं काम काही आपोआप झालं नाही. पाट्या हलवायला उपाध्यक्षांनी वेळ लावला, तेव्हा मी रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन चहा प्यायले. चौथ्या-पाचव्या चहाला त्यांच्या बायकोनंच ट्रॅक्टर बोलावला. भिंती झाल्या, टाकी झाली, नळ आला. ठेकेदारानं दारं बसवली आणि आतून कडी लावायची विसरला. बाहेरून मात्र कोयंड्यासकट मजबूत! "बायाइले कोंडवाड्यात कोंडता का?" असं मी जे तोंड सोडलं ते म्हणे तलावापर्यंत ऐकू गेलं. त्याच दिवशी कड्या लागल्या.

सुरू झाला तो दिवस बाजाराचाच होता, आणि कडक ऊन. अध्यक्ष फीत कापायला आले, फोटो निघाले, नारळ फुटला. उपाध्यक्षांनी भाषणात सांगितलं की ही कल्पना मुळात त्यांची. सांगू दे. मी टाळ्या वाजवल्या, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी.

आईला मी आत घेऊन जाणार होते. ती म्हणाली, थांब. टोपलीमागं तिच्या जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, लाजते.

"पानी आन," ती म्हणाली.

मी बाजूच्या हॉटेलातून गडवा भरून आणला. आईनं तो दोन्ही हातांनी धरला. भर दुपार, भर बाजार, समोर गिऱ्हाईक, आजूबाजूला सगळ्या बाया तिच्याकडं बघत होत्या. तिनं गडवा वर केला आणि न थांबता प्याली. घटाघटा, गळ्यावरून ओघळ खाली आला तरी प्याली. इतकी वर्षं मी त्या रांगेत तिच्याजवळ बसले होते, पण तिला तिथं पाणी पिताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

गडवा खाली ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

"थंड हाय," ती म्हणाली. "आन अजून. आनखी या बायाइले बी दे."

मी भांडखोर बाई, गावात मला कुणी रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. डोळे पुसत पुसत मी हॉटेलातला पाण्याचा अख्खा गुंडच उचलून आणला, आणि रांगेतल्या एकेकीला पाणी वाढत गेले.