पायांकडे बघणाऱ्या जासूस बाई

जासूस बाई माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी पाय. चंद्रपूरच्या एका मोठ्या कपड्यांच्या शोरूममध्ये त्या ट्रायल रूमपाशी उभ्या असायच्या, हातात टोकनं आणि नजर खाली. दाराखालून दिसणाऱ्या पायांवरून आत कोण एकावर एक दोन पॅन्टा चढवतोय, हे त्या ओळखायच्या. म्हणून अख्खा स्टाफ त्यांना जासूस बाईच म्हणायचा.

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. सरांनी प्रोजेक्ट दिला होता : एक फॅशन कंपनी निवडा, दुकान कसं चालतं ते बघा, स्टाफशी बोला. मॅनेजरनं हसत हसत परवानगी दिली. बाईंनी मात्र माझ्या सँडलकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कोणी पाठवलं तुले?"

"कॉलेजनं, बाई. नागभीडहून गाडीनं येते."

"घुग्घुसहून इथवर येता येता कोळशाच्या धुळीनं माहे पाय काळे होऊन जाते. तुहे सँडल इतके कोरे काऊन?"

मी आयकार्ड दाखवलं. "कार्ड तं कोणीबी बनवते," म्हणाल्या. घ्या!

कारण नंतर कळलं. कंपनी म्हणे खोटी गिऱ्हाइकं पाठवते. ती साध्या माणसांसारखी येतात, कपडे उलथेपालथे करतात आणि वर रिपोर्ट देतात. बाई हसल्या नाहीत म्हणून एकदा त्यांना ताकीद मिळाली होती. पुन्हा सापडल्या तर नागपूरला बदली. घरी सासू अंथरुणाला, नवरा खाणीत शिफ्टला, त्यामुळे बदली म्हणजे नोकरीच गेली. त्यांच्या हिशेबानं मी कंपनीचीच होते. त्यामुळे काहीही विचारलं की उत्तर एकच, "इथी सगळं एक नंबर आहे, मॅडम." एवढ्यावर मी प्रोजेक्टमध्ये काय लिहिणार, कपाळ? मला तर उलट त्यांचाच संशय यायला लागला, की ही बाई नक्की काहीतरी दडवतेय.

मग एक दिवस स्टेशनवर माझा सँडल तुटला आणि मी धुळीनं माखलेल्या पायांनी दुकानात शिरले. बाई पहिल्यांदा खळखळून हसल्या. ओढणीची पिन काढून माझा पट्टा जोडून दिला. "आता वाटते तू इथची." त्या दिवसापासून त्या माझ्याशी खरं बोलायला लागल्या आणि मला त्या फार आवडायला लागल्या.

दुपारी गर्दी ओसरली की मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायचे. अशाच एका दुपारी मी आत एक खुर्ची नेली. "इथी बसाचं नाई आमाले," त्या म्हणाल्या. पण पाय सुजले होते, अखेर बसल्या. तेवढ्यात लेकरू कडेवर घेतलेली एक बाई मोठा साइज मागायला आली. बाईंनी तिच्या मळक्या चपला पाहिल्या आणि निर्धास्त झाल्या. "थांब ना वं बाई, दोन मिनिटं."

ती कंपनीची निघाली.

प्रोजेक्ट दाखवायला गेले तेव्हा ट्रायल रूमपाशी मॅनेजरची मेहुणी उभी होती. बाईंनी नागपूरला नकार देऊन नोकरी सोडली होती. फोन केला तर उचलेनात.

पुढच्या वर्षी मार्कंड्याच्या जत्रेत त्या दिसल्या, लहान मुलींचे फ्रॉक विकत बसलेल्या. मी आनंदानं धावत गेले. त्यांनी पायांकडे पाहिलंच नाही, थेट डोळ्यांत पाहिलं.

"एक खरं सांग. त्या दिवशी खुर्ची काऊन आणली होती तू?"

म्हणजे वर्षभर त्या माझ्यावरच संशय धरून बसल्या होत्या!

"मी कुठली आणते, बाई? मॅनेजर साहेबांनी दिली. म्हणाले, बाईंना बसवा, निवांत बोला."

फ्रॉकची घडी घालणारा त्यांचा हात थांबला.

"साऱ्याइचे पाय पाह्यले मी," त्या हळूच म्हणाल्या, "त्याचेच पाहाचे राह्यले."

मग स्वतः उठून त्यांनी आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस पोरी." मला काही बसवलं नाही.