चाकावरची भुई

"जावईऽ! धरा, अहो धरा, घर चाललं!"

ही आरोळी माझ्या सासूबाईंची. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामी घरातच होत्या आणि घर खरोखरच चाललं होतं. हरसूलच्या अलीकडे एका पाड्यावर त्यांचं कौलारू घर आहे, पण हे ते घर नव्हे. हे घर म्हणजे माझा ट्रेलर. दोन चाकांचा, जीपमागे जोडून ओढायचा, आत झोपायची-रांधायची सोय असलेला. जीप सोडवून तो मी मामींच्या उतरत्या अंगणात लावला होता आणि आता तो मागच्या मागे भाताच्या खाचरांकडे निघाला होता. दारात मामी, हातात भुई ठोकायचं लाकडी चोपणं. आत शेजारच्या दोघी, हातात तेच हत्यार. त्यांचे हात अजून थांबले नव्हते. आमच्या डोंगरात धरलेली भुई अर्धी सोडत नाहीत. ती भुई गावाला निघाली तरी बेहत्तर.

मी चहाचा कप टाकून धावलो. मी धावतो म्हणजे काय, तर तरुणपणी सातपूरला एकदा मी कंपनीच्या बसला मागे टाकलं होतं. बस बंद पडली होती ही गोष्ट वेगळी. ट्रेलरचा पुढचा दांडा मी दोन्ही हातांनी धरला आणि टाचा रोवल्या. त्याने मला नांगरासारखं ओढत नेलं. माझ्या टाचांनी जमिनीत अशा दोन खोल सऱ्या पडल्या की पुढच्या पावसात लोकांनी तिथे भात लावला. बायको म्हणते, भात नाही, उडीद.

शेवटी ट्रेलर उकिरड्यात घुसला, 'फस्स' केलं आणि थांबला. सगळीकडे धूळ. आतून शेजारच्या मावशीचा आवाज आला, "बरं झालं बाई, शेण जवळ आलं. पाटी उचलायची मेहनत वाचली."

मी खाली वाकून पाहिलं. चाकाखाली लावलेला गोटा गायब. आता तो गोटा मी नदीतून चांगला निवडून आणला होता, काळा, गुळगुळीत. तीच माझी चूक. भुई चोपून झाली की ती घोटायला अगदी तसाच दगड लागतो. मामींचा हात चाचपडत तिथे गेला आणि त्यांना वाटलं, आपला घोटायचा गोटा कुणी तरी इथं टाकून ठेवलाय. घेतला आणि आत गेल्या. पुढचं सगळं चाकांनी केलं.

"मामी, चाकाखालचा दगड होता तो!"

"मंग चाकाखाली कशाला ठेवला? चांगला होता की."

चाक त्यांना दिसलंच नव्हतं. हात पोचेल तेवढंच त्यांचं जग उरलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता उशीर केला तर कठीण होईल. आणि मामी ऑपरेशनला तयार नव्हत्या. ऑपरेशनला त्या घाबरत नव्हत्या. ज्या बाईने दाव्याला धरून बिबट्याकडून वासरू परत ओढलं (बिबट्या नव्हता, तरस होतं, असं गावातले मत्सरी लोक म्हणतात) ती सुईला काय घाबरणार! अडलं होतं ते आमच्या फ्लॅटवर.

गंगापूर रोडला आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे, तपासण्या करायच्या, म्हणजे नाशकात राहणं आलं. मामी यापूर्वी एकदा आमच्याकडे आल्या होत्या. पहाटे पाहिलं तर अंथरूण रिकामं. शोधत खाली आलो, तर मामी वॉचमनच्या खुर्चीशेजारी जमिनीवर गाढ झोपलेल्या आणि वॉचमन त्यांची राखण करत जागा. सोसायटीच्या इतिहासात वॉचमन जागा सापडण्याची ती एकमेव वेळ.

"मी हवेत झोपणार नाय," त्यांनी जाहीर केलं. "खाली दुसऱ्याचं घर, त्याच्या खाली तिसऱ्याचं. तुम्ही लोक वाघळासारखे टांगून झोपता. मला बुडाखाली जमीन लागते." आणि त्या दिवशी गेल्या त्या गेल्याच.

हसण्यावारी नेलं आम्ही. पण मागच्या दिवाळीला बायको माहेरी गेली, अंगणात जाऊन उभी राहिली आणि तिची आई म्हणाली, "कोण बाई हाय?" बायको परत आली ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू मोतीबिंदू मीच घातला होता.

तोवर माझं सगळं लक्ष ट्रेलरवर होतं. मी जन्मभर सातपूरला फिटर होतो, आणि निवृत्त फिटरच्या हाताला काम नसलं की तो घरातला चांगला चाललेला पंखा उघडतो. बायकोनेच मला घराबाहेर काढलं. तेव्हा एका शेडच्या मागे हा ट्रेलर सापडला. रस्त्याच्या कामावर आधी तो साहेबाचं ऑफिस होता, नंतर कोंबड्यांचं. कोंबड्यांनी तो जास्त नीट ठेवला होता. मी आणि माझ्या जुन्या सोबत्यांनी त्याचं सोनं केलं. खिडक्या भंगारातल्या बसच्या. भिंतीला दुमडणारा पलंग. पाण्याची टाकी छतावर, सौर पॅनेल तिच्या शेजारी. आणि मागच्या कोपऱ्यात, माझ्या आयुष्यातली सर्वश्रेष्ठ कलाकृती, छोटासा संडास, इतका आटोपशीर की आत जाताना उलटं जावं लागे. ट्रेलर तयार झाला तेव्हा तो चंद्रावर पाठवायलाही हरकत नव्हती. फक्त माझ्या जीपला तेवढा चढ झेपला नसता. आमचा बेत ठरला होता, आधी कोकण, मग कच्छ. समुद्राकडे दार करून लावायचा आणि आत बसून भजी खायची.

सोसायटीच्या सेक्रेटरीने पहिल्याच दिवशी विचारलं, "हे वाहन आहे की बांधकाम? वाहन असेल तर तुमच्या पार्किंगच्या रेषेत लावा. बांधकाम असेल तर परवानगी घ्या."

"वाहन!" मी छाती काढून म्हणालो. हे उत्तर लक्षात ठेवा.

एका संध्याकाळी बायको बाल्कनीतून खाली पाहत होती. म्हणाली, "अहो, तो डबा जमिनीवरच उभा आहे ना?"

मी म्हणालो, "मग काय उडतोय?" आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कोकण गेलं, कच्छ गेलं, भजी गेली. सगळं मला त्या क्षणी दिसलं.

मामींना निरोप गेला, ऑपरेशनला या, झोपायला जमिनीवरचं घर तयार आहे. निरोपाच्या बदल्यात अटी आल्या. एक म्हणजे, फरशी नको, मातीची भुई पाहिजे. आणि ती दुसऱ्याच्या हातची नाही चालणार, स्वतःच्या. म्हणून ट्रेलर घाटातून पाड्यावर न्यावा लागला. त्यांनी आत पाऊल टाकलं, हाताने सगळं चाचपलं, बसच्या खिडक्या, पलंग, टाकीचा नळ. मी मागे उभा राहून अभिमानाने फुगत होतो. मग त्या मागच्या कोपऱ्यात पोचल्या.

"हे काय?"

"संडास, मामी. आतल्या आत सोय!"

त्यांनी मान वळवली. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता हे माझं नशीब. "चुलीपासून हातभर? जावई, तुम्ही शिकलात म्हणून मी पोरगी दिली."

माझी कलाकृती त्याच दुपारी उपटली. तिच्या जागी नागली भरून ठेवायची कणगी बसली.

मग माती आली, शेण आलं, शेजारणी आल्या, चोपणी सुरू झाली आणि घर चाललं, ते मी सांगितलंच आहे. उकिरड्यातून ट्रेलर बैलांनी बाहेर काढला. या वेळी चारही बाजूंनी दगड लावले, सगळे खडबडीत, कुणाला घोटायचा मोह होणार नाही असे. मामींनी भुई पुरी केली आणि स्वतः सारवली. एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने शेणाचे अर्धचंद्र काढत. बघणारा थक्क व्हावा असं. "सारवायला डोळे कशाला लागतात?" त्या शेजारणींना म्हणाल्या. "डोळे हातात असतात."

कणगीच्या मागच्या कोपऱ्यात मात्र हात पोचला नव्हता. तिथे वीतभर प्लायवूड उघडं राहिलं, त्यावर कारखान्याचा लाल शिक्का. शेजारणींनी पाहिलं आणि छताकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वळ अजून आहे. त्या पाड्यावर मामींच्या सारवण्याला नाव ठेवणारा माणूस जन्माला यायचाय. मी जावई आहे, मूर्ख नाही.

नाशिकला येताना मामी जीपमध्ये पुढे बसल्या आणि दर वळणावर विचारत होत्या, "भुई तडकली का?" मागे ट्रेलर इतका जड झाला होता की चढावर जीपची पुढची चाकं उचलली जात होती आणि मी आकाशाकडे बघत गाडी चालवत होतो. "नाही तडकली, मामी," मी ढगांना सांगत होतो.

सोसायटीत पोचलो. पार्किंगच्या रेषेत ट्रेलर लावला. मामी आत गेल्या, खाली बसल्या, पंजा उघडा करून त्यांनी भुईवर थाप मारली. कान लावला. पुन्हा मारली.

"पोकळ वाजतंय."

"खाली चाकं आहेत ना, मामी. पण चाकं जमिनीवरच..."

"जमीन पोकळ वाजत नाय," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. "मला हरसूलच्या गाडीला बसवून दे गं."

बायकोने पिशवी हातातून घेतली नाही आणि सोडलीही नाही. दोघी मायलेकी एकच पिशवी धरून उभ्या. बायको माझ्याकडे बघत होती. असं तिने लग्नात एकदा बघितलं होतं.

मी पान्हे आणले.

सोसायटीच्या कुंपणाजवळ आंब्याखाली एक मोकळा तुकडा आहे, खरीखुरी माती. तिथे ट्रेलर ओढला. जॅक लावला आणि माझी दोन्ही चाकं काढली. स्वतःच्या हाताने. चाकं जोडणाऱ्या आसासाठी खड्डा खणला, पोट जमिनीला टेकवलं, कडेच्या फटीतून माती ठासली. मी माती ठासत असताना सेक्रेटरी येऊन उभे राहिले.

"चाकं कुठंयत?"

"बाल्कनीत."

"मग हे आता बांधकाम झालं! तुम्हीच म्हणाला होता, वाहन..."

मामी दारातून म्हणाल्या, "कोण ओरडतंय? उपाशी दिसतोय. ये रे बाबा, बस." सेक्रेटरींना आजवर सोसायटीत 'रे बाबा' कुणी म्हटलं नव्हतं. ते बसले. नागलीची भाकरी आणि मामींचा ठेचा पुढे आला. त्या ठेच्याने पाड्यावरचे उंदीर गाव सोडून गेलेत. सेक्रेटरींच्या डोळ्यांतून, नाकातून, मला वाटतं कानांतूनही पाणी आलं. त्यांनी दुसरी भाकरी मागितली. बांधकामाचा विषय नंतर निघाला नाही.

मग मामींनी भुईवर थाप मारली. धप्प. पुन्हा एकदा. धप्प. त्या आडव्या झाल्या आणि भर दुपारी असं घोरायला लागल्या की आंब्यावरच्या कैऱ्या पडल्या. बायको ट्रेलरच्या दारात बसून रडली आणि मला म्हणाली, "कैऱ्या गोळा करा."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, छान झालंय, थेंब चुकवू नका, चुलीचा धूर नको. मामींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ पाहिलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बायकोकडे मात्र पाहत राहिल्या. मग तिच्या कपाळावरची बट हाताने मागे सारली, अचूक, न चाचपडता. जीपमध्येही गप्प. मोठा काळा चष्मा, पदर डोक्यावर. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले आमच्या जीपकडे आदराने बघत होते.

बायको माझ्या कानात म्हणाली, "बोलत का नाहीये? दिसत नसेल का नीट?"

सोसायटीत ही गर्दी! वॉचमन, सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, सगळे आंब्याखाली. मामी ट्रेलरच्या सावलीत शिरल्या आणि चष्मा काढला. हा माझा क्षण होता. या घरासाठी मी कच्छ दिलं, संडास दिला, चाकं दिली. आणि ज्यांच्यासाठी दिलं त्यांनी ते आजवर पाहिलं नव्हतं. मी एकेक दाखवायला लागलो. "या खिडक्या बसच्या, मामी. हा पलंग दुमडतो, बघा. हा नळ. आणि ही तुमची भुई." मी छाती काढून बाजूला झालो. "आता नीट बघा आणि सांगा. कसं दिसतंय घर?"

मामी कणगीच्या मागे वाकून बघत होत्या.

"कोपरा सारवायचा राहिला," त्या म्हणाल्या.