नळाची पाळी आणि देवगडचा समुद्र

समुद्र बघायची हौस आईची होती, हे आधीच सांगून टाकते. माझी नाही आणि अप्पांची तर मुळीच नाही. अप्पांना लातुरात भांड्यांचं दुकान, सकाळची लिंगपूजा आणि पेपर एवढं मिळालं की जग पुरतं. आईनं मात्र साठी गाठली तरी औसा-तुळजापूरपलीकडे काही पाहिलं नव्हतं. म्हणून मी देवगडला तिघांची खोली ठरवली.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या गल्लीत दहाव्या दिवशी नळ यायचा, तोही तासभर. निघायच्या आदल्या दिवशी आमची पाळी होती. नळ आला नाही. आता तो कधीही येणार होता, आणि घरात कुणी नसलं की पुढचे दहा दिवस कोरडे.

"तुमी जा. म्या थांबते," आई म्हणाली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. आम्ही दोघं बॅगा भरत राहिलो. मला वाटलं, पिशवीत वाटेसाठी धपाटे असतील. ते तर तिनं आधीच डब्यात भरून दिले होते.

पहाटे पाचला गाडी काढली, चालवणारी मीच. मुरुडला चहाच्या टपरीवर दोन गिऱ्हाइकांचा वाद रंगला होता, उदगीर जिल्हा होणार की नाही म्हणून. टपरीवाला म्हणाला, "जिल्हा होऊ द्या की. कलेक्टर तरी आंघोळीला पाणी कुठून आणतोय ते बघू." कुणी हसलं नाही. सोलापूरपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे टोल वाढत जातात. कोल्हापुरात मुक्काम करा. गगनबावड्याचा घाट उजेडातच उतरावा.

देवगडात खोलीला बाराशे रुपये पडले, जेवण वेगळं. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर मालकीणबाईंनी कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी केली. फार चवदार होती. अप्पा ज्वारीची भाकरी आठवत जेवले.

सकाळी उठले तर बागेत गडबड. अप्पांनी माडांना सोडलेलं पाणी बंद करून टाकलं होतं. कुणीतरी विसरलं असेल, असं त्यांना वाटलं. मालक समजुतीनं म्हणाले, "अहो काका, ता माडांक सोडलेला पाणी. रोजचाच आसा." अप्पा ओशाळले. मला त्यांना हसता येईना, कारण आंघोळीचं साबणाचं पाणी मीही बादलीत धरून संडासासाठी ठेवलं होतं. लिंगपूजेला मालकीणबाईंनी त्यांना कळशीभर पाणी दिलं होतं. त्यांनी पळीभरच वापरलं.

मग दीपगृहाकडच्या सड्यावर चालायला गेलो. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, समुद्रात घुसलेलं. बूट घाला, चपलेचं काम नाही. सातच्या आत पोहोचलात तर ऊन सोसतं. खाली लाटा कड्यावर आपटत होत्या आणि फेस पार वर येत होता. एक समुद्रगरुड पायात मासा धरून आमच्याच उंचीवरून गेला. दूरवर डॉल्फिनच्या दोन पाठी दिसल्या. एवढं सगळं समोर होतं आणि मला काहीच गोड लागत नव्हतं.

आईला व्हिडिओ लावला. चित्र अडकलं, आवाज तेवढा पोहोचत होता. मी फोन लाटांकडे धरला.

"अगं, कुणाची तरी टाकी भरून सांडायलीय," आई म्हणाली. "बंद करा म्हण त्यायला."

"समुद्र हाय त्यो," अप्पा म्हणाले. मग फोन कट झाला. अप्पा कातळावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. कुणकेश्वरला जायचं ठरलं होतं, अगदी लाटांच्या काठावर महादेव आहे. "तिच्यासंगं येऊ," एवढंच म्हणाले. एक दिवस आधीच परत फिरलो.

घरी पोहोचलो तर अंगणात पिंप, घागरी, पातेली, सगळी कोरडी.

"आलंच न्हाई," आई म्हणाली. "रोज उद्या येतंय म्हनतेत."

म्हणजे ती आली असती तरी काही बिघडलं नसतं. तेवढ्यात मला दाराच्या मागे ती कापडी पिशवी दिसली. आत इरकलीचं घडीचं लुगडं, टॉवेल आणि विभूतीची डबी. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "वाटलं, तू म्हनशील, न्हाई तर तुझे अप्पा म्हनतील म्या थांबतो म्हणून. गाडी सुरू होईस्तोवर भरूनच ठिवली होती."

नळाची पाळी अप्पांनाही धरता येते, हे घरात कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाणी भरायचं ते आईनं. मी नोकरी करते, गाडी चालवते, आणि मलाही ते सुचलं नाही, याची अजून लाज वाटते.

दोन दिवसांनी नळ आला. अप्पा न सांगता उठले, धोतर खोचलं आणि पाइप पिंपात धरून उभे राहिले. आई उंबऱ्यात बसून बघत होती. "आता जाऊ आपण तिघं," मी म्हटलं. तिनं पिशवीतलं लुगडं काढलं, घडी नीट केली आणि कपाटात ठेवून दिलं.